परीक्षेचा काळ आणि प्रवेशाची वेळ
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेल्हे येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वात तप, दान आणि स्वाध्याय या विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. आज विश्वस्त मंडळाने मला मुलांच्या उच्च शिक्षणाविषयी बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून त्याची एकच बाजू मी आपल्यापुढे मांडणार आहे. परीक्षा केव्हा होते, निकाल केव्हा लागतो, प्रवेशाची दारे केव्हा उघडतात आणि केव्हा मिटतात, या तारखांचा आपल्या मुलांच्या भवितव्याशी काय संबंध आहे, एवढाच आजचा विषय. ऐकायला तो रुक्ष वाटेल. पण आपला समाज व्यापारी आहे. हुंडीची मुदत, मालाच्या आवकेचा हंगाम, उधारीच्या वसुलीची वेळ यांचे मोल आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुकानाच्या बाबतीत जी जागरूकता आपण दाखवतो, ती मुलांच्या प्रवेशाच्या बाबतीत दाखवतो का, हा माझा प्रश्न आहे.

जैन दर्शनात कोणतेही कार्य घडण्यामागे पाच कारणांचा समवाय सांगितला आहे. काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ ही ती पाच कारणे. यांतील एकाच कारणाचा आग्रह धरणे म्हणजे एकान्तवाद, आणि पाचांचा मेळ पाहणे ही अनेकान्ताची दृष्टी. मुलाची गुणपत्रिका हातात येते तेव्हा आपण सहसा दोनच कारणे पाहतो. मुलगा हुशार आहे, म्हणजे स्वभाव. आणि त्याने अभ्यास केला, म्हणजे पुरुषार्थ. प्रवेश हुकला की नियतीचे आणि कर्माचे नाव घेतो. पण यादीतले पहिले कारण, काळ, आपण विसरून जातो. मला आज त्या विसरलेल्या कारणाविषयी बोलायचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्या काळात मॅट्रिक्युलेशनची परीक्षा विद्यापीठच घेत असे, आणि ती उत्तीर्ण होणे म्हणजेच उच्च शिक्षणाला पात्र होणे. परीक्षा घेणारा आणि प्रवेशाचे दार उघडणारा एकच असल्यामुळे दोहोंच्या तारखांत तंटा नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने एस.एस.सी. परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ आले, आणि शाळेची परीक्षा विद्यापीठाच्या हातातून गेली. आज येथे बसलेल्या ज्येष्ठांना जुनी अकरावी आठवत असेल. पुढे नवा आकृतिबंध आला. त्याची पहिली दहावी १९७५ साली आणि पहिली बारावी १९७७ साली झाली. म्हणजे आपल्या ट्रस्टची पन्नास वर्षे आणि दहावी-बारावीची पन्नास वर्षे जवळजवळ एकाच काळातली आहेत.

या पन्नास वर्षांत परीक्षा आणि प्रवेश यांतील अंतर वाढतच गेले. बारावीची परीक्षा राज्य मंडळ घेते. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी अशा शाखांसाठीची सीईटी राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. वैद्यकीय शाखेची नीट आणि राष्ट्रीय संस्थांसाठीची जेईई दिल्लीची राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. खासगी व अभिमत विद्यापीठांच्या परीक्षा आणखी वेगळ्या. प्रत्येकाची दिनदर्शिका स्वतंत्र आहे, आणि त्या सर्वांचा मेळ घालण्याची जबाबदारी सतरा वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या आई-वडिलांवर येऊन पडते.

उदाहरणादाखल २०२५ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी मंडळाने परीक्षा नेहमीपेक्षा सुमारे दहा दिवस आधी घेतल्या. बारावी ११ फेब्रुवारीला आणि दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली. निकाल लवकर लागावेत, पुरवणी परीक्षा लवकर व्हावी आणि पुढील प्रवेश वेळेवर पार पडावेत, हा त्यामागील हेतू होता. निकाल खरोखरच लवकर लागले. बारावीचा ५ मे रोजी आणि दहावीचा १३ मे रोजी. पण पुढे काय झाले? अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया त्याच वर्षी प्रथम संपूर्ण राज्यासाठी लागू झाली. तोपर्यंत ती पुणे, मुंबई यांसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. मे महिन्यात पहिल्याच टप्प्यावर संकेतस्थळ कोलमडले, वेळापत्रक पुढे गेले आणि पहिली यादी जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागली. निकालानंतर दीड महिना मुले थांबून होती. अभियांत्रिकीचेही तसेच झाले. बारावीचा निकाल मेच्या पहिल्या आठवड्यात आला, सीईटीचा निकाल जूनच्या मध्यावर आला, आणि पहिल्या फेरीची यादी लागेपर्यंत जुलै सरला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. परीक्षा लवकर झाली म्हणून प्रवेश लवकर होतोच असे नाही. साखळीतील सर्वांत उशिराची कडी जेव्हा पूर्ण होते तेव्हाच प्रवेश होतो. मात्र परीक्षा लवकर झाल्याने ज्याच्या हाती मोकळा वेळ येतो, त्याला लाभ होतो. बारावीचा शेवटचा पेपर आणि सीईटी यांच्यामध्ये साधारण एक महिना मिळतो. पुण्यातील मुलगा या महिन्यात सराव परीक्षा देतो. आपल्या भागात हाच उन्हाळ कांद्याच्या काढणीचा काळ असतो. आळेफाट्याच्या बाजारात आवक वाढलेली असते, आडतीवर माणूस कमी पडतो, आणि कापडाच्या दुकानात लग्नसराईची गर्दी असते. ‘आता परीक्षा संपली, जरा दुकानात बस’ असे वडील सहज म्हणून जातात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या दृष्टीने परीक्षा संपलेली असते. प्रत्यक्षात ज्या परीक्षेवर अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी लागते ती अजून व्हायची असते. बारावीत ठरावीक किमान गुण पुरतात, क्रम सीईटीवर ठरतो, ही गोष्ट पुष्कळ घरांत अजून पोहोचलेली नाही.

२०२५ मध्ये महावीर जन्मकल्याणक १० एप्रिलला होते आणि अक्षय तृतीया ३० एप्रिलला. सीईटीचा जीवशास्त्र गट ९ ते १७ एप्रिल आणि गणित गट १९ ते २७ एप्रिल या काळात झाला. वर्षीतपाच्या पारण्याची तयारी, जन्मकल्याणकाची शोभायात्रा आणि घरातील विवाह या सर्वांच्या मधोमध मुलांच्या आयुष्याची परीक्षा होती. धर्मकार्य सोडावे असे मी म्हणत नाही. पण घरात कोणी परीक्षार्थी असेल तर त्या वर्षी विवाहाची तारीख ठरवताना पंचांगाबरोबर परीक्षेचे वेळापत्रकही पाहावे, एवढी माझी प्रार्थना आहे.

एक गैरसमजही येथे दूर करावासा वाटतो. सीईटी अनेक दिवस आणि अनेक सत्रांत होते. त्यामुळे ‘अमक्या दिवसाचा पेपर सोपा होता, आमच्या मुलाला अवघड सत्र आले’ अशी तक्रार कानावर येते. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे प्रत्येक सत्रातील मुलांची तुलना प्रथम त्याच सत्रातील मुलांशी होते. तेव्हा सत्र कोणते मिळाले याची चिंता मुलाच्या मनात भरवू नये. चिंता करायचीच तर अर्जाच्या अंतिम तारखेची करावी.

आता मागील काही वर्षांकडे पाहू, कारण काळ बिघडला म्हणजे काय होते ते त्या वर्षांनी दाखवून दिले. २०२० साली बारावीची परीक्षा टाळेबंदीच्या तोंडावर कशीबशी पूर्ण झाली. दहावीचा भूगोलाचा पेपर मात्र रद्द करावा लागला. निकाल जुलैपर्यंत लांबले. सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली आणि तिचा निकाल नोव्हेंबरअखेर आला. त्यातच सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिल्यामुळे अकरावीचे प्रवेश मध्येच थांबले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, आणि अकरावीसाठी वेगळी सीईटी २१ ऑगस्टला घ्यायचे शासनाने ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली. ज्या मुलांनी सुटीभर तिची तयारी केली होती त्यांना अकरा दिवस आधी कळले की परीक्षा होणार नाही. २०२४ साली नीटच्या निकालावरून देशभर वाद झाला, फेरपरीक्षेची मागणी २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, सुधारित निकाल लागला आणि मगच प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या.

न्यायालयांनीही या दिनदर्शिकेकडे वेळोवेळी लक्ष दिले आहे. २००५ साली मृदुल धर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाचे वेळापत्रक काटेकोर पाळण्याचा आदेश दिला आणि ३० सप्टेंबरनंतर प्रवेश नाही अशी मर्यादा घातली. तांत्रिक शिक्षणाच्या बाबतीत असाच निर्णय डिसेंबर २०१२ मध्ये झाला. योगायोग असा की त्या खटल्याचे नाव ‘पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्ट विरुद्ध अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद’ असे आहे. सत्र १ ऑगस्टला सुरू व्हावे आणि रिकाम्या जागांवरही १५ ऑगस्टनंतर प्रवेश देऊ नये, असे वेळापत्रक न्यायालयाने त्यात घालून दिले. त्या तारखा पुढे अनेकदा लांबल्या. तरीही तत्त्व कायम आहे. विलंबाने दिलेला प्रवेश विद्यार्थ्याचे नुकसान करतो, आणि जागा रिकामी राहिली तर समाजाचे नुकसान होते.

काळाचा नियम थोडा बदलला तर किती मुलांचे भले होते याचेही एक उदाहरण सांगतो. पूर्वी दहावीत एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाची फेरपरीक्षा ऑक्टोबरच्या सुमारास होत असे. निकाल येईपर्यंत अकरावीचे अर्धे वर्ष संपलेले असे, आणि पोराचे एक वर्ष वाया जाई. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली आणि त्यापाठोपाठ बारावीचीही. २०२५ मध्ये ती जूनच्या अखेरीस सुरू होऊन जुलैअखेर निकालही लागला. प्रश्नपत्रिका तीच, अभ्यासक्रम तोच, उत्तीर्ण होण्याची अट तीच. फक्त परीक्षेची वेळ तीन महिने अलीकडे आली आणि वाया जाणारे वर्ष वाचले.

विदेशात काय चालते हेही पाहू, कारण आता आपल्याही कुटुंबांतील मुले तिकडे जातात. इंग्लंडमध्ये मुले साधारण जानेवारीपर्यंत विद्यापीठांना अर्ज करतात, शिक्षक त्यांच्या संभाव्य गुणांचा अंदाज कळवतात आणि त्यावरून विद्यापीठ सशर्त प्रवेश देऊ करते. अंतिम परीक्षा त्यानंतर उन्हाळ्यात होते आणि निकाल ऑगस्टमध्ये लागतो. अट पूर्ण झाली तर जागा पक्की. तेथेही अंदाज चुकतात म्हणून निकालानंतरच प्रवेश द्यावा का, याचा विचार २०२१ मध्ये शासनाने केला. पण २०२२ मध्ये तो बेत सोडून दिला. आपल्याकडे आधी परीक्षा, मग प्रवेश; तिकडे आधी प्रवेशाचा शब्द, मग परीक्षा. दोन्ही पद्धतींत गुण-दोष आहेत. पण ज्या मुलाला बारावीनंतर लगेच परदेशी जायचे आहे त्याचा अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच जातो, आणि तेव्हा त्याच्या हाती दहावीचे आणि अकरावीचेच गुण असतात. आपल्याकडे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजले जाते. अशा मुलाला ती समजूत महागात पडते.

आता आपल्या घराघरांशी संबंधित अशा काही व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दाखल्यांची. आपली बहुतेक कुटुंबे खुल्या प्रवर्गात मोडतात. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के जागा आहेत, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून कमी असलेली आपल्यातील कित्येक घरे इतर अटी पूर्ण करून त्यांना पात्र ठरू शकतात. पण या दाखल्याला काळाचे बंधन आहे. तो आदल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो आणि चालू आर्थिक वर्षापुरताच चालतो. नीट-जेईईच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांना त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला दाखला लागतो. म्हणजे दक्ष पालकाने फेब्रुवारीत घाईने काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये उपयोगी पडत नाही, आणि बेफिकीर पालक जूनमध्ये जुन्नरच्या तहसील कचेरीत जातो तेव्हा सेतू केंद्रापुढे रांग लागलेली असते. एप्रिलचा पहिला पंधरवडा हीच त्याची योग्य वेळ. याउलट वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला दरवर्षी काढावा लागत नाही. तो मुलगा अकरावीत असतानाच काढून ठेवावा.

दुसरी गोष्ट सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्या मुलांची. आपल्या समाजात सीए होण्याची परंपरा आहे. २०२४ पासून फाउंडेशन परीक्षा वर्षातून तीन वेळा होते. या परीक्षेला बसण्यापूर्वी नोंदणी करून चार महिने उलटलेले असावे लागतात. मे २०२५ च्या परीक्षेसाठी नोंदणीची अंतिम तारीख १ जानेवारी २०२५ होती. म्हणजे बारावीची परीक्षा सुरू होण्याच्याही आधी! दहावीनंतरच तात्पुरती नोंदणी करता येते, हे ज्यांना ठाऊक असते त्यांची मुले बारावी संपताच मे महिन्यात परीक्षेला बसतात. ज्यांना ठाऊक नसते ती निकालानंतर नोंदणी करायला जातात, आणि तोवर सप्टेंबरच्या परीक्षेची मुदतही हुकलेली असू शकते. मुलाची बुद्धी तीच असून केवळ तारीख माहीत नसल्याने सहा-आठ महिने जातात.

तिसरी गोष्ट बीबीए, बीसीए या अभ्यासक्रमांची. अनेक वर्षे हे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. २०२४ पासून हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. पुष्कळ मुलांना ही गोष्ट बारावीच्या निकालानंतर कळली. तोपर्यंत मेमधील सीईटी होऊन गेली होती. अखेर त्या वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक सीईटी घ्यावी लागली. दरवर्षी अशी दुसरी संधी मिळेल असे समजून कोणी बसू नये.

चौथी गोष्ट पसंतीक्रमाची आणि पैशांची. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते घ्यावेच लागते. नाकारले तर पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. तेव्हा मुलाला जेथे खरोखर जायचे नाही ते नाव, कोणाच्या सांगण्यावरून, पहिल्या क्रमांकावर घालू नये. जागा मिळाल्यानंतर ती स्वीकारून शुल्क भरायला मोजकेच दिवस मिळतात. दुसरीकडे खासगी विद्यापीठे लवकर प्रवेश देतात आणि मोठी रक्कम आधीच भरून घेतात. शासकीय फेरीची यादी लागेपर्यंत त्या पैशांच्या भीतीने पालक मुलाला तेथेच ठेवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण शुल्क परत द्यावे असे कळवले होते. असे आदेश त्या त्या वर्षी वाचून मगच पैसे भरावेत, आणि मूळ कागदपत्रे कोठेही सोडून येऊ नयेत.

पाचवी गोष्ट अल्पसंख्याक कोट्याची. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. जैन संस्थांनी चालवलेल्या महाविद्यालयांत आपल्या मुलांसाठी काही जागा असतात, पण त्यांचे वेळापत्रक सामान्य फेऱ्यांहून वेगळे असते. त्या मुदतीत अर्ज आले नाहीत तर त्या जागा सर्वसाधारण यादीकडे वर्ग होऊ शकतात. पूर्वजांनी कष्टाने उभ्या केलेल्या संस्थांतील हक्काची जागा केवळ उशिरामुळे गमावावी, याहून मोठे दुर्दैव कोणते?

या सर्व गोष्टींत सर्वाधिक भार कोणावर पडतो, तर आपल्या मुलींवर. मुलाचे एक वर्ष गेले तर आपण म्हणतो, ‘हरकत नाही, दुकानात बसेल, पुढच्या वर्षी पाहू.’ मुलीचे एक वर्ष गेले की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. ते रिकामे वर्ष भरून काढायला विवाह पुढे येतो आणि शिक्षण तेथेच संपते. नापास झाल्याने शिक्षण थांबलेल्या मुली थोड्या आहेत. वेळेवर प्रवेश न झाल्याने थांबलेल्या कितीतरी अधिक आहेत असे मला वाटते. बेल्ह्याच्या बांगरवाडीत आता अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कुरणला आहे, जुन्नर, ओतूर आणि मंचरला जुनी नावाजलेली महाविद्यालये आहेत. पूर्वी ‘पुण्याला एकटी कशी पाठवू’ ही अडचण होती. आज ती पुष्कळ कमी झाली आहे. आता अडचण राहिली ती तारखेची, आणि ती दूर करणे आपल्या हाती आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या विश्वस्त मंडळापुढे मी नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली सूचना तिथीपत्रिकेची. दरवर्षी आपल्या घराघरांत तिथीपत्रिका जाते. पाक्षिक, चौमासी, पर्युषण, ओळी यांच्या तिथी आपण तीत पाहतो. त्याच पत्रिकेत परीक्षा, नोंदणी आणि दाखले यांच्या वेळाही छापाव्यात. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे निश्चित तारीख देता आली नाही तरी ‘एप्रिल : उत्पन्नाचा दाखला’, ‘डिसेंबर : सीए फाउंडेशन नोंदणी’ एवढी आठवणही पुरे. नेमक्या तारखा स्थानकातील फलकावर वेळोवेळी लिहाव्यात.

दुसरी सूचना मार्गदर्शन केंद्राची. चातुर्मासाच्या आरंभी, म्हणजे जुलैच्या सुमारास, रोज सकाळी प्रवचनाला समाज एकत्र येतो, आणि प्रवेशफेऱ्याही नेमक्या त्याच दिवसांत असतात. प्रवचनानंतर एक तास एखाद्या खोलीत संगणक घेऊन आपल्यातीलच दोन सुशिक्षित तरुण बसले तर अर्ज भरणे, पसंतीक्रम लावणे, यादी पाहणे ही कामे विनामूल्य होतील. सामायिकाला ४८ मिनिटे लागतात. आठवड्यातून एकदा तेवढाच वेळ एखाद्या मुलाच्या अर्जासाठी दिला तर तेही ज्ञानदानच आहे. आणि हे केंद्र केवळ जैन मुलांसाठी नसावे. सोमवारच्या बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही तेथे बसायला जागा असावी. ज्या गावाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्याचे ऋण फेडण्याची ही एक रीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्माने जैन होते. १९१९ साली त्यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची दारे मात्र सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडी होती, हे आपण विसरू नये.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे आणि थोडी अप्रियही वाटेल. आपल्या ट्रस्टचा गुणगौरव समारंभ आणि शिष्यवृत्तीचे वाटप संवत्सरीनंतर होते. त्यात दात्यांची उपस्थिती मोठी असते, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्रे निघतात. पण तोपर्यंत प्रवेशाच्या मुख्य फेऱ्या संपत आलेल्या असतात. ज्या घरात पहिल्या हप्त्याचे पैसे नव्हते त्या घरातील मुलाने जागा तीन महिन्यांपूर्वीच सोडलेली असते, आणि सप्टेंबरमध्ये आपण त्याच्या हातात जे पाकीट देतो ते त्याला त्या जागेवर परत बसवू शकत नाही. रक्कम तेवढीच, दात्याची भावना तेवढीच शुद्ध. फक्त वेळ चुकलेली. तहानलेल्याला पाणी द्यायचे तर ते तहानेच्या वेळी द्यावे. म्हणून सत्कार हवा तर संवत्सरीनंतरच ठेवावा, पण शिष्यवृत्तीचे अर्ज मे महिन्यात घ्यावेत, निर्णय निकालानंतर आठ दिवसांत व्हावा, आणि बिनव्याजी कर्जाचा एक छोटा निधी असा ठेवावा की ज्यातून जून-जुलैमध्ये दोन विश्वस्तांच्या सहीने त्याच दिवशी शुल्क भरता येईल. ज्या कुटुंबाला मदत मिळेल त्याचे नाव जाहीर करू नये. गुप्तदानाची आपली परंपरा जुनीच आहे.

गौतम गणधरांना भगवान महावीरांनी अप्रमादाचा उपदेश केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्ञानाने आणि साधनेने श्रेष्ठ असलेल्या शिष्यालाही काळाविषयी सावध राहायला सांगावेसे त्यांना वाटले. जैन शास्त्रात काळाच्या सर्वांत सूक्ष्म, अविभाज्य अंशाला ‘समय’ म्हणतात. इतका सूक्ष्म विचार ज्या परंपरेने केला, तिच्या अनुयायांची मुले एका तारखेने मागे राहू नयेत, एवढीच माझी तळमळ आहे.

काळ हे पाच कारणांतील एक कारण आहे. ते एकटे सर्व काही घडवत नाही. अभ्यास मुलांनाच करायचा आहे. परीक्षा केव्हा घ्यायची हे मंडळ ठरवील, न्यायालय ठरवील, शासन ठरवील. त्या तारखा बदलणे आपल्या हाती नाही. पण त्या वेळेवर कळणे, दाखला वेळेवर निघणे आणि मदत वेळेवर पोहोचणे हा आपला पुरुषार्थ आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या ट्रस्टची स्थापना केली त्यांनी समाजाची तेव्हाची गरज ओळखली. पुढील मे महिन्यात एका जरी मुलीचे शुल्क त्या दिवशी भरले गेले, तरी त्यांच्या कार्याला आपण योग्य वंदन केले असे मी समजेन.

 बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्‌.

जय जिनेंद्र!